मद्रासचे १९३ रुग्ण

भोर समितीनं १९४६ साली हिंदुस्थानच्या आरोग्याबद्दल जो अहवाल दिला, त्यात क्षयरोगाचे तीन आकडे आहेत. देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण. दरवर्षी सुमारे ५ लाख मृत्यू. आणि या रुग्णांसाठी उपलब्ध खाटा सुमारे ६ हजार. म्हणजे चारशेहून जास्त रुग्णांमागे एक खाट.

हे प्रमाण आज नुसतं वाईट वाटतं. तेव्हा ते त्याहून भयंकर होतं, कारण तेव्हा क्षयावरचा उपचार म्हणजेच खाट होती. औषध नव्हतं. रुग्णाला घरापासून दूर, मोकळ्या हवेच्या ठिकाणी न्यायचं, महिनोन्‌महिने झोपवून ठेवायचं, दूध-अंडी खायला घालायची आणि वाट बघायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत सुरू झालेली ही पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे भोवालीला, मदनपल्लीला, पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनेटोरियमं उभी राहिली. चेन्नईच्या उपनगरी रेल्वेवर आजही ‘तांबरम सॅनेटोरियम’ नावाचं स्टेशन आहे, डॉ. चौरी मुथु यांनी १९२८ साली तिथे उभारलेल्या आरोग्यधामावरून ते नाव पडलं.

ज्यांना खाट मिळत नव्हती, त्यांचं काय होत असे? ते घरी असत. तिथेच खोकत, तिथेच झिजत आणि तिथेच मरत. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेल्या. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू शोधून पाच वर्षंही झाली नव्हती. जंतू कळला होता, पण त्यावर करता येण्यासारखं काही नव्हतं, आणि पुढची जवळपास साठ वर्षं ते तसंच राहिलं.

आमच्या घरातही या रोगाची एक आठवण आहे. आईच्या एक मामी लग्नानंतर दोनच वर्षांनी सॅनेटोरियमला गेल्या आणि दीड वर्षानं बऱ्या होऊन परत आल्या. बऱ्या झाल्या तरी त्यांची कपबशी कायम वेगळ्या फळीवर राहिली. आईनं लहानपणी पाहिलेली ती फळी तिला अजून आठवते. मामींबद्दल विशेष काही आठवत नाही, फळी मात्र आठवते. घर ही क्षय पसरण्याची जागा आहे आणि रुग्णाला तिथून काढलंच पाहिजे, ही समजूत डॉक्टरांपासून आजीपर्यंत सगळ्यांची होती. मला या लेखात ज्या प्रयोगाबद्दल लिहायचं आहे, त्यानं हीच समजूत तपासायला घेतली.

औषध आलं, खाटा नाहीत

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ब्रिटनकडे ते विकत घ्यायला पुरेसे डॉलर नव्हते, त्यामुळे थोडंसंच औषध हाती आलं. सगळ्यांना पुरणार नाही, तर मग कोणाला द्यायचं? ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं या टंचाईचाच उपयोग करून घेतला. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतून ठरवलं. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. १९४८ साली हे निष्कर्ष छापून आले. औषध परिणामकारक आहे की नाही हे ठरवण्याची आजची जगन्मान्य पद्धत या चाचणीनंतर रुळली.

पण स्ट्रेप्टोमायसिन एकटं दिलं की काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होत. मग पास नावाचं औषध जोडीला आलं. १९५२ साली आयसोनियाझिड आलं, आणि चित्र खऱ्या अर्थानं पालटलं. ही गोळी स्वस्त होती, तोंडानं घेता येत होती आणि प्रभावी होती. आयसोनियाझिड आणि पास वर्षभर घेतलं तर क्षय बरा होतो, हे श्रीमंत देशांत दिसू लागलं. तिथे मात्र ती औषधंसुद्धा सॅनेटोरियमच्या खाटेवरच दिली जात. खाट, विश्रांती, चांगलं अन्न आणि औषध असं सगळं एकत्रच मिळे. त्यातलं नेमकं काय रुग्णाला बरं करतं, हे वेगळं करून पाहायची त्यांना निकड नव्हती. त्यांच्याकडे खाटा होत्या.

आपल्याकडे नव्हत्या. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशभर क्षयाची नमुना पाहणी केली. फिरती क्ष-किरण यंत्रं घेऊन पथकं गावोगाव गेली. क्षय हा गिरण्यांच्या, दाट वस्तीच्या शहरांचा रोग, अशी तोवरची धारणा होती. पाहणीत दिसलं की खेड्यांतही तो जवळपास तेवढाच आहे. म्हणजे सॅनेटोरियमं बांधून हा प्रश्न सुटण्याची आशा उरलेलीच होती, तर तीही या पाहणीनं संपवली. कितीही पैसे ओतले तरी लाखो खाटा आणायच्या कुठून?

चेटपटमधलं केंद्र

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चार भागीदार होते. ब्रिटनहून आलेले डॉ. वॉलेस फॉक्स प्रमुख होते; सोबत भारतीय डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका आणि तंत्रज्ञांचा संच होता. पहिलाच प्रश्न त्यांनी सरळ घेतला. तीच औषधं, तितकाच काळ, एका गटाला सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्या गटाला त्याच्या स्वतःच्या घरी दिली, तर फरक पडतो का?

प्रश्न वाचायला सोपा आहे, पण त्यात धोका काय होता ते बघा. थुंकीत जंतू असलेला माणूस एका खोलीच्या घरात परत पाठवायचा, जिथे तान्ही मुलं आहेत. तो अपुरं खाणार, कामावर जाणार, डास-उकाडा-गोंगाटात झोपणार. गोळ्या घेईल की नाही, कोण सांगणार? प्रयोग फसला असता तर त्याची किंमत फक्त त्या रुग्णानं नव्हे, त्याच्या बायकामुलांनीही मोजली असती. उलट, प्रयोग न करताही हजारो रुग्ण घरीच होते आणि त्यांना काहीच मिळत नव्हतं, हेही तितकंच खरं.

एकूण १९३ रुग्ण घेतले गेले. मद्रास शहरातले, गरीब घरांतले, दाटीवाटीनं राहणारे. कोण सॅनेटोरियममध्ये जाईल आणि कोण घरी राहील, हे यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. दोन्ही गटांना आयसोनियाझिड आणि पास, बारा महिने. घरी राहणारे रुग्ण औषध न्यायला नेमानं केंद्रात येत. काही रुग्ण वेगवेगळ्या कारणांनी वगळून मुख्य तुलना १६३ जणांची झाली: ८२ घरचे, ८१ सॅनेटोरियमचे.

१९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. वर्षअखेरीस रोग शांत झालेल्यांचं प्रमाण सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के होतं, घरी ८६ टक्के. फरक लहान होता आणि घरच्या उपचाराला नाकारावं असं त्यात काही नव्हतं. पुढे पाच वर्षं या रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हाही दोन्ही गट बरोबरीनंच चालले होते. सॅनेटोरियममधून काही जण उपचार अर्धवट टाकून निघून गेले होते, हेही नोंदवलेलं आहे. पोट हातावर असलेल्या माणसाला वर्षभर खाटेवर झोपून राहणं परवडत नाही.

आणि घरातली मुलं? अँड्र्यूज, देवदत्त, फॉक्स, राधाकृष्ण, रामकृष्णन आणि वेलू यांच्या १९६० सालच्या निबंधात त्याचं उत्तर आहे. दोन्ही गटांच्या कुटुंबीयांची नियमित तपासणी केली गेली. रुग्ण घरी राहिला म्हणून त्या घरांत क्षयाचं प्रमाण वाढलं नाही. पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही तेच दिसलं. कारण कळायला अवघड नाही. घरच्यांना जो संसर्ग व्हायचा तो बहुतांशी निदान होण्याआधीच, रुग्ण महिनोन्‌महिने खोकत असताना, होऊन गेलेला असतो. औषध सुरू झालं की रुग्णापासूनचा धोका झपाट्यानं कमी होतो. याचा अर्थ आमच्या मामींची कपबशी त्या फळीवर ठेवण्यात आली, तेव्हा त्यांच्यापासून कोणाला धोका राहिलेला नव्हता. धोका होता तो त्या सॅनेटोरियमला जाण्याआधीच्या काळात, आणि तेव्हा त्या सगळ्यांसोबत त्याच कपबशा वापरत होत्या.

मी हे निबंध वाचायला घेतले ते दुसऱ्याच एका कामासाठी. वाचताना नवल वाटलं ते त्यांच्या स्वराचं. कुठे विजयाची भाषा नाही. तक्त्यांमागून तक्ते येतात. या रुग्णांच्या घरात किती माणसं, ते दिवसभर किती हालचाल करतात, काय खातात, थुंकीत जंतू कधी दिसले आणि कधी दिसेनासे झाले. एका गरीब शहरातल्या गरीब माणसांकडे इतक्या बारकाईनं आणि इतका काळ लक्ष दिलं गेलं, ही गोष्ट त्या तक्त्यांतून आपोआप समोर येते.

स्वस्ताला मर्यादा

मद्रासच्या निष्कर्षांचा परिणाम जगावर झाला. गरीब देशाची अडचण भागवण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर श्रीमंत देशांनाही लागू पडलं. खाट आणि हवापालट हा उपचार नव्हे, उपचार आहे तो औषधाचा, हे एकदा स्पष्ट झाल्यावर युरोप-अमेरिकेतली सॅनेटोरियमं एकामागून एक बंद झाली किंवा त्यांची हॉटेलं, वसतिगृहं आणि साधी रुग्णालयं झाली.

पण या केंद्रानं पुढे जे केलं, ते मला पहिल्या प्रयोगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पास हे किचकट औषध होतं. रोज मूठभर घ्यावं लागे, पोट बिघडे आणि महाग पडे. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: नुसत्या आयसोनियाझिडवर भागेल का? भागलं असतं तर सरकारी खर्च एकदम खाली आला असता. केंद्रानं हेही तपासलं आणि १९६० साली छापलं. नुसत्या आयसोनियाझिडचे परिणाम स्पष्टपणे कमी पडले. घर चालतं, अर्धं औषध चालत नाही. पुढे पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांमधून पासऐवजी थायासेटाझोन हे स्वस्त औषध जोडीला देता येतं असं दिसलं आणि बऱ्याच देशांनी ते वापरलं. म्हणजे खर्च कमी करण्याचे रस्ते होते; पण प्रत्येक रस्ता आधी चालून बघावा लागत होता.

दुसरा प्रश्न होता गोळ्या पोटात जातात का, याचा. केंद्रातले कर्मचारी अचानक घरी जात. उरलेल्या पुड्या मोजत. लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का ते बघत. फॉक्स यांनी १९५८ सालीच यावर लिहिलं होतं: माणसाला बरं वाटू लागलं की तो औषध चुकवतो, आणि हे फक्त अडाणी किंवा गरीब माणसाचं लक्षण नाही. सहा-आठ आठवड्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. त्यानंतरचे दहा महिने रोज मूठभर कडू औषध घ्यायला सांगितलं तर कोण घेईल? तुम्ही स्वतः डॉक्टरनं दिलेला प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा कोर्स शेवटच्या गोळीपर्यंत कितीदा पुरा केला आहे, ते आठवून बघा.

केंद्रानं यावर काढलेला मार्ग असा: औषध रोज देण्याऐवजी आठवड्यातून दोनदा द्यायचं, मोठ्या मात्रेत, आणि कर्मचाऱ्याच्या समोर. १९६४ साली छापलेल्या चाचणीत ही पद्धत रोजच्या स्वतः घेतलेल्या औषधापेक्षा कमी पडली नाही. पुढे जगभर गाजलेल्या देखरेखीखालच्या उपचाराचं एक मूळ इथे आहे.

तुमकूरचा खोकला

मद्रासनं रुग्ण कसा बरा करायचा ते सांगितलं. तो सापडायचा कसा, हा प्रश्न बंगळूरच्या वाट्याला आला. १९५९ साली तिथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. डेन्मार्कचे डॉ. हाफडान मालर त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात क्षयावर काम करत होते. पुढे ते संघटनेचे महासंचालक झाले आणि १९७८ साली अल्मा-आटा इथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा जगापुढे आली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलची त्यांची मतं घडण्यात भारतातल्या या वर्षांचा वाटा असणार, असं मला वाटतं.

बंगळूरच्या संस्थेत देबबर बॅनर्जी हे डॉक्टर होते. त्यांनी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक पाहणी केली. क्ष-किरण तपासणीत क्षय असल्याचं दिसलेल्या माणसांकडे ते गेले आणि विचारलं, तुम्हाला काही त्रास होतो का? त्याचं तुम्ही काय केलंत? त्या वेळी सर्वमान्य समज असा होता की खेड्यातल्या माणसाला आपल्या रोगाची जाणीव नसते, तो अंधश्रद्ध असतो, देवऋष्याकडे जातो, म्हणून त्याला शोधत क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन दारोदार फिरलं पाहिजे आणि आधी त्याचं प्रबोधन केलं पाहिजे.

१९६३ साली छापलेले निष्कर्ष या समजाच्या उलट होते. थुंकीत जंतू असलेल्या जवळजवळ सगळ्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. बहुतेकांना काळजी वाटत होती. आणि निम्म्याहून जास्त जण त्यासाठी आधुनिक वैद्यकाच्या दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली. कोणी थुंकी तपासली नव्हती.

मला वाटतं, गेल्या शतकातल्या आपल्या आरोग्य संशोधनातला हा फार मोलाचा निष्कर्ष आहे, आणि फारसा कोणाला आवडण्यासारखा नाही. रुग्ण दवाखान्याच्या दारात येऊन गेलेला असतो. अडाणी असतो तो दवाखाना. हे कळल्यावर पुढची पायरी सोपी होती. गाड्या फिरवण्यापेक्षा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक ठेवा, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या प्रत्येकाचा बेडका तपासा. संस्थेनं याच पायावर जिल्हा क्षयरोग कार्यक्रम आखला आणि १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कागदावर तो जगातल्या फार विचारपूर्वक आखलेल्या कार्यक्रमांपैकी एक होता. मद्रासची औषधयोजना, बंगळूरचं समाजशास्त्र, दोन्ही आपलंच, आपल्या लोकांवर तपासलेलं.

घर घेतलं, घरी जाणं सोडलं

मग तो का चालला नाही?

१९९२ साली भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची विकास संस्था यांनी या कार्यक्रमाचा आढावा घेतला. उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जण तो पूर्ण करत होते. औषधं वेळेवर पोचत नव्हती. बेडका तपासण्याऐवजी एक्स-रेवर भर होता. आरोग्य कर्मचाऱ्यांचा वेळ आणि वरिष्ठांचा दट्ट्या कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांकडे होता. १९६२ ते १९९२ ही तीस वर्षं. या काळात रिफाम्पिसिन आलं. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं पूर्व आफ्रिकेत केलेल्या चाचण्यांनी दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आणता येतो हे १९७२ साली दाखवून दिलं. मद्रासच्या केंद्रातही चाचण्या चालूच होत्या. ज्ञानाची टंचाई कधीच नव्हती.

मद्रासचे तक्ते पुन्हा बघताना मला उत्तर दिसतं ते असं. १९५९ च्या निबंधातलं ‘घर’ हे नुसतं घर नव्हतं. त्या घराशी जोडलेलं एक केंद्र होतं, जिथे औषध संपलं असं कधी होत नव्हतं. घरी येणारी परिचारिका होती. न आलेल्या रुग्णाच्या दारात जाऊन का आला नाहीस, असं विचारणारं कोणीतरी होतं. घरातल्या प्रत्येकाची तपासणी होत होती. वर्षभर, आणि नंतर पाच वर्षं, त्या माणसांची नावं कोणाच्या तरी वहीत होती. हे सगळं मिळून ८६ टक्के झाले. सरकारी धोरणात मात्र त्यातलं एकच वाक्य उतरलं: घरी उपचार चालतो. ते स्वस्त होतं, म्हणून पटलं. खाट वाचली. खाटेवर न झालेल्या खर्चातला काही भाग त्या घरांपर्यंत जाण्यावर व्हायला हवा होता, तो झाला नाही.

१९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयाला जागतिक आणीबाणी ठरवलं. आपल्याकडे सुधारित कार्यक्रम आला. २००६ पर्यंत तो सगळ्या देशात पोचला. औषधांचा पुरवठा सुधारला, प्रत्येक रुग्णाच्या नावाची खोकी येऊ लागली, बेडका तपासणीला पुन्हा महत्त्व आलं. लाखो जीव वाचले, हे निर्विवाद. पण ‘देखरेख’ या शब्दाचा अर्थ बदलला. आठवड्यातून तीनदा रुग्णानं यायचं आणि समोर गोळ्या गिळायच्या. रोजंदारीवरच्या माणसासाठी आठवड्यातले तीन खाडे म्हणजे काय, याचा हिशेब कार्यक्रमात नव्हता. न आलेला रुग्ण ‘डिफॉल्टर’ ठरे. कर्ज बुडवणाऱ्याला आपण जो शब्द वापरतो, तोच. तुमकूरनं दाखवलं होतं की चूक दवाखान्याची असते. शब्द मात्र रुग्णाला चिकटला. २०१७ पासून रोजच्या गोळ्यांची पद्धत आली.

राहून गेलेला प्रश्न

मद्रासच्या केंद्रानं १९६१ साली आहारावरही एक निबंध छापला. सॅनेटोरियममधल्यांना चांगलं जेवण होतं, त्यांचं वजन कितीतरी जास्त वाढलं. घरचे अपुरं खात होते, तरी औषधानं रोग शांत झाला. निष्कर्ष असा की औषध चालू असेल तर आहार कमी असूनही रुग्ण बरा होऊ शकतो. हे बरोबरच होतं, आणि त्या वेळी गरजेचंही. चांगलं खायला मिळत नाही म्हणून तुझ्यावर उपचार करण्यात अर्थ नाही, असं रुग्णाला म्हणण्याची सोय त्यानं काढून घेतली.

पण पुढे त्या वाक्याचाही संक्षेप झाला. क्षयात आहाराचं फार काही नाही, असं धोरणाच्या पातळीवर जणू गृहीत धरलं गेलं. रुग्ण बरा होईल का, एवढाच प्रश्न विचारला गेला होता. तो बरा झाल्यावर कामाला उभा राहील का, आणि त्याच्याच ताटातलं अपुरं अन्न खाणाऱ्या घरातल्यांना क्षय होईल का, हे कोणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं गेलं साठ वर्षांनी. मद्रासच्या त्याच केंद्राचं आजचं नाव राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. तिच्या सहभागानं डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत चाचणी केली. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १० हजारांहून जास्त माणसं. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. घरातल्यांच्या बाबतीत काही घरांना शिधा आणि काहींना नाही, अशी यादृच्छिक विभागणी केली. २०२३ साली निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि संसर्ग पसरवणाऱ्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ यांनी हे घडवलं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यातले मृत्यूही कितीतरी कमी होते.

या दोन संशोधनांत विरोध नाही. १९६१ नं सांगितलं की अन्न कमी आहे म्हणून औषध नाकारू नका. २०२३ नं सांगितलं की औषध मिळालं म्हणून अन्न नाकारू नका. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की घराचं पूर्ण चित्र उभं राहतं: एक रुग्ण, त्याच्याभोवती चार-पाच माणसं, आणि मधोमध एक पातेलं.

२०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला. त्यातले चौथ्या हिश्श्याहून जास्त भारतात. पोषणासाठी सरकार २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिना ५०० रुपये टाकत होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. ही रक्कम रुग्णासाठी आहे. झारखंडच्या चाचणीत शिधा मिळाला होता तो अख्ख्या घराला, आणि तो घेऊन जाणारं माणूसही होतं. पुन्हा एकदा निष्कर्षातला स्वस्त तुकडा तेवढा आपण उचलतो आहोत का, ही शंका मला येते. ती खोटी ठरली तर आनंदच आहे. ती खोटी ठरवण्यासाठी लागणारी माणसं गावोगाव आहेतच: आशाताई, उपकेंद्रातली नर्स, बेडका तपासणारा तंत्रज्ञ. प्रश्न एवढाच, की त्यांना त्या घरापर्यंत जायला वेळ, गाडीभाडं आणि पगार आपण देणार आहोत का.